औषधावाचून गेलेला खोकला

हा भाग मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोललो, तेव्हा माझा आवाज बसलेला होता. व्हिडिओ पाहिलेल्या अनेकांनी नंतर काळजीनं उपाय सुचवले. इंदूरहून आलं, तुळस आणि गूळ आला, हैदराबादहून मिरीचा कषाय आला, बंगळुरूच्या एका काकूंनी तर वेळापत्रकच पाठवलं. गंमत म्हणजे त्या दिवशीचा विषयच तो होता. तेव्हा पुस्तकात हा भाग घेताना आवाज दुरुस्त झाला असला, तरी विषय तसाच ठेवला आहे.

आपल्या मराठीत एक म्हण आहे, 'औषधावाचून खोकला गेला.' एखादी कटकट आपोआप टळली की आपण ती सहज वापरतो. पण कधी थांबून विचार केलाय का, की म्हणीत ताप, पोटदुखी किंवा खरूज सोडून खोकलाच का आला? ज्यानं कोणी ही म्हण पहिल्यांदा वापरली, त्यानं एक वैद्यकीय निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे: बहुतेक खोकले आपोआप जातात. आज डॉक्टरही हेच सांगतात. साधी सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, सर्दी आठवडा-दहा दिवसांत ओसरते आणि मागे राहिलेला खोकला कधीकधी तीन आठवडे रेंगाळतो. मग तो जातो. या तीन आठवड्यांत तुम्ही जे काही घ्याल, काढा, सिरप, गोळी किंवा शेजारच्यांनी सांगितलेला भाजलेला कांदा, त्या सगळ्याला श्रेय मिळतं.

म्हणून खोकल्याच्या औषधाचा इतिहास सांगणं अवघड असतं. ज्या रोगाचं औषध चुकलं तर माणूस दगावतो, तिथे वाईट औषधं काळाच्या ओघात गळून पडण्याची थोडीतरी शक्यता असते. खोकल्यात काहीच गळून पडत नाही. सगळंच 'गुणकारी' ठरतं. पण एक वनस्पती अशी आहे, जिच्या मागे कागदपत्रांचा, प्रयोगशाळांचा आणि माझ्या घराचाही माग लागतो. अडुळसा.

आमचं मूळ गाव वाई तालुक्यात. परसात गुरं शिरू नयेत म्हणून कडेनं अडुळशाचं कुंपण होतं. लांबट, टोकदार पानं, पांढरी ओठासारखी फुलं, आणि पान चुरगळलं की नाकात बसणारा एक उग्र वास. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर ते कुंपणाला चालतं. हिवाळ्यात आजी सात-आठ पिकली पानं तोडायची, धुवायची, केळीच्या पानात गुंडाळायची, वरून ओल्या मातीचा लेप द्यायची आणि चुलीच्या फुफाट्यात सारायची. माती तडकली की पुरचुंडी बाहेर काढून पानं फडक्यात पिळायची. काळपट हिरवा रस निघायचा, फार तर दोन चमचे. त्यात मध. आम्ही मुलं नाक धरून गिळायचो.

पुढे शार्ङ्गधरसंहिता वाचताना मी चपापलो. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला हा ग्रंथ म्हणजे औषध कसं बनवावं याचं हस्तपुस्तक आहे. काढा कसा करायचा, तर एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घालून मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, इतकं नेमकं त्यात लिहिलेलं आहे. आपण आज दोन कप पाण्यात आलं टाकून उकळी आली की गाळतो आणि त्याला काढा म्हणतो, ते शार्ङ्गधराला मान्य झालं नसतं. याच ग्रंथात 'पुटपाक' नावाची कृती आहे. ज्या पानांतून नुसतं कुटून रस निघत नाही, ती दुसऱ्या पानांत गुंडाळायची, मातीनं लिंपायची, विस्तवात भाजायची आणि मग पिळायची. अडुळशाच्या पानांचा रस याच पद्धतीनं काढून मधाबरोबर द्यायला सांगितला आहे. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुटपाक हा शब्द तिनं ऐकलाही नसेल. पण सहा-सातशे वर्षांपूर्वीची लिखित कृती ती पायरीपायरीनं करत होती.

इथे टाळ्या वाजवून थांबायचा मोह होतो. अनेक व्हिडिओ इथेच थांबतात. पण तो रस कोणत्या रोगासाठी सांगितला आहे, ते पाहिलं पाहिजे. हिवाळ्यातल्या सर्दीसाठी? नाही. मुख्य नाव आहे रक्तपित्त, म्हणजे तोंडा-नाकातून रक्त पडणं. मग खोकला, ताप आणि क्षय. चरकसंहितेतही अडुळसा, म्हणजे वासा, ठळकपणे येतो तो रक्तपित्ताच्या उपचारात. अडुळसा मिळत असताना रक्तपित्ताच्या, क्षयाच्या आणि खोकल्याच्या रुग्णानं आशा सोडू नये, अशा अर्थाचं वचन वैद्यांच्या तोंडी पिढ्यानुपिढ्या राहिलं. आता हे तीन शब्द एकत्र वाचा: जुना खोकला, थुंकीतून रक्त, झिजत जाणारं शरीर. आज कोणताही डॉक्टर काय म्हणेल? टीबी.

म्हणजे ज्याला आपण 'सर्दी-खोकल्यावरचा घरगुती उपाय' म्हणतो, ते मुळात मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला दिलेलं आश्वासन होतं. असंच दुसरं उदाहरण आपल्या औषधाच्या डब्यात आहे. सितोपलादी चूर्ण. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक. दरवेळी निम्मं. लहान मुलांना मधातून चाटवतो आपण ते. चरकसंहितेत ते येतं राजयक्ष्म्याच्या अध्यायात, म्हणजे क्षयाच्याच. साखर तेव्हा पोत्यानं मिळणारी वस्तू नव्हती, तीही औषधात मोजली जात होती, हे जाता जाता. आणि पिंपळीच्या नावावरून ग्रीक-लॅटिनमधून फिरत फिरत इंग्रजी 'पेपर' झाला, हेही जाता जाता.

आता घरातली गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास मला नीट सांगता येत नाही.

१९७८ सालची दिवाळी. माझे थोरले काका, वय पस्तिशीचं, गावी शेती बघायचे. दिवाळीत त्यांना खोकला सुरू झाला. आजीनं रस सुरू केला. संक्रांतीपर्यंत खोकला होता. रस चालू होता. मग एके सकाळी त्यांनी थुंकलं त्यात रक्त दिसलं. तुम्हाला वाटेल आता घरात धावपळ झाली असेल. उलट झालं. आजी म्हणाली, "रक्त पडतंय ना, मग अडुळसाच पाहिजे. चांगला दोन वेळा घे." तिचा विश्वास रक्त पाहून वाढला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, सुट्टीत गावी होतो, आणि मला तिचा तो निर्धास्त चेहरा आठवतो. होळीनंतर काकांचं वजन इतकं उतरलं की माझ्या वडिलांनी बडोद्याहून येऊन त्यांना जबरदस्तीनं साताऱ्याला नेलं. फोटो काढला. उजवं फुप्फुस वरच्या बाजूनं पोखरलेलं होतं. दीड वर्ष सुया आणि गोळ्या घेऊन काका वाचले. पण त्या चार-पाच महिन्यांत ते त्याच खोलीत, त्याच वाकळेत आपल्या मुलीला घेऊन झोपत होते. माझ्या त्या चुलत बहिणीच्या मानेला गाठी आल्या. तिलाही वर्षभर औषध घ्यावं लागलं. तिच्या मानेवरचा व्रण आजही दिसतो.

पुष्कळ वर्षं मी हे आजीच्या अडाणीपणाच्या खात्यात टाकलं होतं. ग्रंथ वाचल्यावर ते मला करता येईना. रक्त दिसलं की अडुळसा, हे तिनं मनानं काढलेलं नव्हतं. तिच्यामागे दीड-दोन हजार वर्षांचं शास्त्र उभं होतं. आणि ज्या काळात ते लिहिलं गेलं, त्या काळात दुसरं काही नव्हतंच. युरोपातसुद्धा नव्हतं. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये, आणि त्यानंतरही साठ वर्षं चांगली हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपचार होता. मिरज, भोवाली, मदनपल्ली इथली सॅनिटोरियमं त्याचीच. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, आयसोनियाझिड वापरात आलं १९५२ मध्ये. मग १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग झाला. सॅनिटोरियममध्ये ठेवलेले आणि आपापल्या गरीब वस्तीत घरीच राहून गोळ्या घेणारे असे दोन गट केले, आणि घरचे रुग्णही तितकेच बरे झाले. जगभरातली सॅनिटोरियमं ओस पडायला या मद्रासच्या निष्कर्षाचा मोठा हातभार लागला. म्हणजे १९७८ मध्ये आमच्या काकांसाठी औषध होतं, फुकट होतं, आणि घरी राहून घेता येत होतं. अडुळशानं त्यांना इजा केली नाही. त्यानं फक्त वेळ खाल्ला.

बरं, मग अडुळशात काही आहे की नाही? आहे. आणि ते कसं कळलं ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती कुणा एका देशाची किंवा एका पक्षाची नाही.

आधी नावाचं बघू. तमिळमध्ये याला आडातोडै म्हणतात. 'आडु' म्हणजे शेळी. शेळी ज्याला शिवत नाही ते, असा अर्थ लावतात. हेच नाव श्रीलंकेतून डच लोकांबरोबर युरोपात गेलं आणि १७५३ मध्ये लिनियसनं ते शास्त्रीय नावात बसवलं, जस्टिशिया अधाटोडा. उत्तरेत तो अडूसा किंवा बांसा, बंगालमध्ये बासक, कर्नाटकात आडुसोगे, आंध्र-तेलंगणात अड्डसरम, केरळात आडलोडकम. गुजरातीत अरडूसी. इथे एक फसगत आहे. माझी आई लग्न होऊन बडोद्याला आली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तिनं शेजारणीला विचारलं, इथं अडुळसा कुठं मिळेल? शेजारीण म्हणाली, "अरडूसो? ए तो सामे जे छे." आणि तिनं रस्त्यापलीकडचा चाळीस-पन्नास फुटी वृक्ष दाखवला. आई चक्रावली. अरडूसो म्हणजे महारुख, अगदी वेगळं झाड. अरडूसी म्हणजे आपला अडुळसा. एका मात्रेचा फरक. आणि त्या अरडूसोचा पाला गुजरात-राजस्थानात शेळ्या-मेंढ्यांना चारा म्हणून घालतात. एकाला शेळी शिवत नाही, दुसऱ्यावर तुटून पडते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी मंडळींनी झाडपाल्याची औषधं शोधताना हे लक्षात ठेवा. नाव ऐकून पान तोडू नका.

आता प्रयोगशाळा. उटीला, निलगिरीतल्या सिंकोनाच्या मळ्यांसाठी, मद्रास सरकारनं डेव्हिड हूपर नावाचा रसायनतज्ज्ञ नेमला होता. काम काय, तर सिंकोनाच्या सालीत क्विनीन किती आहे ते मोजायचं. या माणसाला आजूबाजूच्या देशी औषधांचा नाद लागला. १८८८ मध्ये त्यानं अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढल्याचं जाहीर केलं आणि आपल्या संस्कृत नावावरून त्याला व्हॅसिसीन म्हटलं. वासा, वासक, व्हॅसिसीन. पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक, कलकत्त्याचे वॉर्डन आणि उटीचे हूपर अशा तिघांनी मिळून 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात तीन खंडांत काढला. मुंबईच्या बाजारात कोणती मुळी कोणत्या नावानं विकली जाते, इथपासून त्यात माहिती आहे. ज्यांना वाटतं की इंग्रजांनी आपली औषधं फक्त हसण्यावारी नेली, त्यांनी तो चाळावा. आणि ज्यांना वाटतं की त्यांनी निव्वळ ज्ञानासाठी हे केलं, त्यांनी लक्षात ठेवावं की विलायतेहून येणारी महाग औषधं वाचवायला स्वस्त देशी पर्याय सरकारलाही हवेच होते.

त्याच सुमारास मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे 'वनौषधि गुणादर्श' लिहीत होते. १९०७ मध्ये नाशिकला अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात झाली ती त्यांच्याच पुढाकारानं. देशभरातल्या वैद्यांना एका मांडवात आणण्याची कल्पना एका मराठी शास्त्रीबुवांची, हे आपल्याकडेही फारसं सांगितलं जात नाही. पदे १९०९ मध्ये गेले. त्यांना आयुष्य मिळालं असतं तर पुढच्या वादात त्यांनी काय भूमिका घेतली असती, याचं मला कुतूहल आहे.

वाद असा, की देशी औषधाची परीक्षा करायची का, आणि केली तर कोणाच्या मोजपट्टीनं? कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये राम नाथ चोप्रा यांनी सरळ परीक्षा सुरू केली. १९२४ मध्ये सेन आणि घोष यांनी व्हॅसिसीनवर नव्यानं काम केलं, आणि पुढच्याच वर्षी चोप्रांच्या प्रयोगशाळेतून त्याचे शरीरावरचे परिणाम प्रसिद्ध झाले. निष्कर्ष माफक होता. श्वासनलिका थोड्या सैलावतात, कफ पातळ होऊन सुटायला मदत होते. क्षयाचं निर्मूलन वगैरे काही नाही. चोप्रा देशी औषधांचे शत्रू नव्हते, १९३३ मध्ये त्यांनी त्याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. पण जे दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं. ही माणसं मला मोठी वाटतात. आपल्याच आजीच्या औषधाबद्दल 'थोडंसं उपयोगी' असं लिहायला धैर्य लागतं.

१९३०च्या दशकात व्हॅसिसीनची रचना ठरली, आणि एक मौजेची गोष्ट उघड झाली. हरमल नावाच्या झुडपाच्या बियांत सापडलेलं पेगनीन आणि आपलं व्हॅसिसीन हे एकच. हरमल म्हणजे इस्पंद. इराणात आणि काश्मीरमध्ये लग्नात, शुभप्रसंगी निखाऱ्यावर ज्याच्या बिया टाकून दृष्ट काढतात तेच. १९५९ मध्ये अमीन आणि मेहता या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात अडुळशातलं दुसरं द्रव्य, व्हॅसिसिनोन, श्वासनलिका रुंदावतं असं मांडलं. व्हॅसिसीनचा हवेशी संयोग होऊन त्यातून व्हॅसिसिनोन बनू शकतं. म्हणजे ताजं पान, सुकं पान आणि फुफाट्यात भाजलेलं पान यांतून एकच औषध मिळत असेल असं धरून चालता येत नाही. आजीची माती आणि केळीचं पान यांना रसायनशास्त्रात कुठेतरी अर्थ असू शकतो.

त्यानंतर गोष्ट जर्मनीत जाते. व्हॅसिसीनच्या रचनेवरून सुचलेलं, पण प्रयोगशाळेत बनवलेलं ब्रोमहेक्सीन १९६३ मध्ये तिथे बाजारात आलं. शरीरात ब्रोमहेक्सीनपासून जे तयार होतं त्यातलं एक म्हणजे अँब्रोक्सॉल, आणि पुढे तेच स्वतंत्र औषध झालं. आता तुमच्या घरातली खोकल्याची बाटली घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. दोनातलं एक नाव दिसण्याची बरीच शक्यता आहे. 'ॲलोपॅथीचं सिरप नको, आपला अडुळसा बरा' असं म्हणणाऱ्यांना आणि 'पाला कसला देताय, सिरप द्या' असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही मी ही बाटली दाखवतो. दोघंही एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना उभे आहेत.

'त्यांनी आपला अडुळसा चोरला' हे मात्र मला पटत नाही. हळदीच्या बाबतीत तक्रार रास्त होती. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने संदर्भ पुढे करून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतलं. तिथे जुनीच गोष्ट नवी म्हणून मिरवली जात होती. ब्रोमहेक्सीन हा नवा रेणू होता. त्याची प्रेरणा आपली, मेहनत त्यांची. खंत करायचीच तर ही करावी की सेन-घोष, चोप्रा, अमीन-मेहता इतकं अंतर चालून गेल्यावर शेवटची पावलं आपल्याकडे पडली नाहीत.

पण आपल्याकडे पडलेलं एक पाऊल फार महत्त्वाचं आहे आणि ते घराघरात पोचलेलं नाही. १९७०च्या दशकात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि सहकाऱ्यांनी व्हॅसिसीनचा गर्भाशयावरचा परिणाम तपासला. गर्भाशय आकुंचन पावतं. बाळंतपणात वापरण्याजोगं आणि गर्भपात घडवू शकणारं द्रव्य म्हणूनच त्यांनी त्याचा अभ्यास मांडला. जुन्या ग्रंथांतही प्रसूती सुलभ व्हावी म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप सांगितलेला आहे. म्हणजे खूण होती. पण खोकल्याची कृती एका घरात राहिली आणि प्रसूतीची दुसऱ्या घरात. सुईणीला जे ठाऊक होतं, ते खोकल्याचा रस देणारीला ठाऊक असेलच असं नाही. माझ्या बहिणीला सातवा महिना होता तेव्हा आईनं तिला दोन दिवस अडुळशाचा रस दिला होता. काही झालं नाही. सगळं सुखरूप पार पडलं. पण मंडळी, 'काही झालं नाही' हा पुरावा नव्हे, जसं 'खोकला गेला' हाही पुरावा नव्हे. गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, रस नको, काढा नको, अडुळसायुक्त सिरपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाटली बंद आहे, कारखान्यातली आहे, म्हणून निर्धोक, असंही नाही. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं दगावली ती खोकल्याच्या सिरपमध्ये मिसळल्या गेलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलनं. सिरपला गोड, दाट ठेवणाऱ्या द्रावकात हे विष येतं. पाच वर्षांखालच्या मुलाला साध्या सर्दीत बहुधा सिरपची गरज नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये मुलांच्या सर्दी-खोकल्याबद्दल जी पुस्तिका काढली, तिच्यात घसा शमवायला मधासारखे साधे घरगुती उपाय सुचवले होते. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी त्या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते. सोन्याच्या अंगठीनं चाटवायचा मधसुद्धा नाही. यावर आमच्या घरात एकदा मोठं भांडण झालं आहे, ते सांगत बसत नाही.

२०२० च्या मार्चअखेर आयुष मंत्रालयानं काढ्याचा सल्ला दिला तो अनेकांना आठवत असेल. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका, दिवसातून एक-दोनदा. दीडशे मिलिलिटर दुधात अर्धा चमचा हळद. त्यात अडुळसा नव्हता, सगळा स्वयंपाकघरातला माल होता. प्रमाण सौम्य होतं. पण 'एक-दोनदा' हे शब्द कुणी वाचले? मी स्वतः दिवसाला चार वेळा, मिरी वाढवत वाढवत घेतला आणि महिन्याभरानं छातीत जळजळ घेऊन डॉक्टरांपुढे बसलो. इतिहासाचा अभ्यासक असूनही सोळा भागांचा आठवा हिस्सा मी विसरलो होतो. गरम पाणी, वाफ, मध यांनी घसा शेकतो, बरं वाटतं. त्यानं विषाणू शरीरात शिरायचा थांबत नाही. सर्दी टाळायची तर हात धुणं, शिंकताना तोंड झाकणं, आजारी असताना गर्दीत न जाणं, वृद्धांनी आणि दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घेणं, हे कंटाळवाणे उपाय आहेत. त्यांच्यावर कुणी श्लोक रचला नाही.

आता माझा क्रम सांगतो. खोकला झाला तर पहिले दोन आठवडे मी घरचंच करतो. अडुळसा, ज्येष्ठमध, मध, जे हाताशी असेल ते. पण दोन आठवडे उलटले, किंवा थुंकीत रक्ताचा ठिपका दिसला, संध्याकाळी कणकण वाटू लागली, वजन उतरू लागलं, की थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, औषधही फुकट मिळतं. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांमागे एक भारतात आहे. म्हणून हा नियम मी कुणाच्याही घरी गेलो तरी सांगतो, आणि त्यापायी पाहुणचारात थोडी कटुता आली तरी चालवून घेतो.

काका आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. उजव्या बाजूनं श्वास कमी भरतो, जिना चढताना मध्ये थांबतात. गावचं घर पडलं, पण कुंपणाचा एक तुकडा उभा आहे. गेल्या थंडीत त्यांना खोकला झाला, तेव्हा मी आधी त्यांची थुंकी तपासून आणली. काही नव्हतं. मग ते स्वतःच काठी टेकत परसात गेले आणि पानं तोडून आणली. आता चूल नाही, म्हणून काकूनं पुरचुंडी इडलीच्या भांड्यात वाफवली. चुलत बहीण रस पिळत होती. काकांनी मध नको म्हणून सांगितलं, आणि तसाच कडू रस घोटभर घेऊन म्हणाले, "आईच्या हातचा याच्यापेक्षा जास्त कडू असायचा."